ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या महाराष्ट्रातील बालशिक्षणतज्ज्ञ, अध्यापक-प्रशिक्षक, संपादक आणि लेखिका होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून काम केल्यानंतर त्यांनी मुंबईतील दादर आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे पूर्वप्राथमिक शिक्षणाचे कार्य उभे केले. माँटेसरी पद्धतीला भारतीय परिस्थितीला साजेसे रूप देणे आणि पुढे ती ग्रामीण व आदिवासी वस्त्यांपर्यंत नेणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य मानले जाते. बालशाळा काढताना तेथे काम करणाऱ्या शिक्षिका घडविण्याची व्यवस्थाही उभी करावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे त्यांच्या कार्यात बालमंदिर आणि अध्यापन मंदिर या दोन गोष्टी बरोबरीने चालत आल्या. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले. अनुताई वाघ या त्यांच्या प्रमुख शिष्या व सहकारी होत.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम भारतात शिक्षणाच्या प्रसाराची चर्चा मुख्यतः प्राथमिक शाळेभोवती फिरत होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागातील प्रयोगानंतर १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. या दोन्ही संस्थानांत आणि ब्रिटिश मुलखातही राज्यकर्त्यांचे लक्ष शाळेत जाण्याजोग्या वयाच्या मुलांकडे होते. त्याहून लहान मुलांचे संगोपन हा घरचा विषय समजला जाई. साहजिकच शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्थाही प्राथमिक आणि त्यापुढील वर्गांचाच विचार करीत.

युरोपात मात्र लहान मुलांच्या शिक्षणाची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली होती. जर्मनीत फ्रोबेल यांनी बालोद्यानाची कल्पना १८३७ पासून विकसित केली. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. मुलाला योग्य साधने आणि मोकळे वातावरण मिळाले, तर ते स्वतःच्या गतीने शिकते. शिक्षकाचे काम ते वातावरण तयार करण्याचे आणि मुलाचे निरीक्षण करण्याचे आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. हा विचार गुजरातमार्गे महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ताराबाईंकडे जाते.

जन्म आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या कार्यातील व्यक्ती होते. घरातील वातावरण सुधारकी असल्यामुळे मुलींनी शिकावे, यासाठी त्या काळातील अनेक कुटुंबांत करावा लागणारा झगडा त्यांच्या वाट्याला त्या प्रमाणात आला नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवी मिळविणाऱ्या मराठी स्त्रियांची संख्या त्या काळात फारच थोडी होती.

पदवीनंतर त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला आणि त्या वऱ्हाडात राहावयास गेल्या. त्यांना एक कन्या झाली. हा संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाले. लहान मुलीची जबाबदारी आणि स्वतंत्रपणे अर्थार्जन करण्याची निकड यांमुळे ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. त्यांच्या जीवनातील या कौटुंबिक पेचावर नाटककार रत्नाकर मतकरी यांनी पुढे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले.

राजकोट : प्रशिक्षण महाविद्यालयातील अनुभव

बार्टन कॉलेज हे प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारे महाविद्यालय होते. त्यामुळे ताराबाईंच्या शैक्षणिक कारकिर्दीत शिक्षकांचे प्रशिक्षण हा विषय प्रथमपासूनच महत्त्वाचा राहिला. त्या काळातील अशा महाविद्यालयांत सरावपाठ हा प्रशिक्षणाचा कणा असे. छात्राध्यापिका पाठाचे टाचण लिही, ते तपासून घेई आणि ठरलेल्या दिवशी शाळेतील वर्गापुढे उभी राहून ठरलेल्या वेळात पाठ देई. निरीक्षक वर्गाच्या मागील बाजूस बसून तिच्या प्रश्नांची मांडणी, फळ्याचा उपयोग, आवाज, वर्गावरील ताबा यांविषयी शेरे नोंदवी. पाठ संपला की वर्ग पुन्हा मूळ शिक्षिकेकडे जाई. छात्राध्यापिकेची योग्यता अशा मोजक्या पाठांवरून ठरत असे.

राजकोटला असताना आपल्या मुलीच्या शिक्षणाचा विचार करीत असतानाच ताराबाईंना भावनगरमध्ये चाललेल्या बालशिक्षणाच्या प्रयोगांची माहिती मिळाली. सुरक्षित आणि मानाचे पद सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गेल्या.

भावनगर : गिजुभाईंच्या सहवासात

भावनगरची दक्षिणामूर्ती ही संस्था नृसिंहप्रसाद ऊर्फ नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापन केली होती. वकिली सोडून १९१६ मध्ये तेथे आलेले गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. माँटेसरींच्या विचारांवर आधारलेल्या या बालमंदिरात गोष्टी, गाणी, नाट्य, बागकाम, सहली आणि लोकसाहित्य यांना मोठे स्थान होते. मुलांना मारणे, धाक घालणे आणि बक्षिसांची लालूच दाखविणे या तिन्ही गोष्टी तेथे वर्ज्य होत्या.

ताराबाई येथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. बालमंदिराच्या जोडीने दक्षिणामूर्तीमध्ये अध्यापन मंदिरही चालू झाले आणि बालशिक्षक तयार करण्याचे काम गिजुभाई व ताराबाई यांनी मिळून केले. अध्यापन मंदिर बालमंदिराला लागूनच असल्यामुळे प्रशिक्षणार्थींना नुसत्या व्याख्यानांवर अवलंबून राहावे लागत नसे. व्याख्यानात ऐकलेले तत्त्व बालमंदिरात प्रत्यक्ष पाहता येई आणि बालमंदिरात पडलेला प्रश्न व्याख्यानाच्या वेळी मांडता येई. या काळात दोघांनी मिळून गुजरातीत बालशिक्षणविषयक लेखनही केले.

बालशिक्षणाच्या प्रसारासाठी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाच्या कार्यात गिजुभाई आणि ताराबाई हे दोघे अग्रभागी होते. संघाच्या कामासाठी शिक्षण पत्रिका हे गुजराती नियतकालिक चालविण्यात येत असे.

मुंबईतील कार्य

१९३२ नंतर ताराबाई मुंबईस परतल्या. १९३३ मध्ये शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती त्यांच्या संपादकत्वाखाली निघू लागली. मूल खोटे का बोलते, हट्ट का करते, त्याला शिक्षा करावी की नाही, खेळ आणि शिक्षण यांचा संबंध काय, अशा विषयांची चर्चा पालक व शिक्षकांपुढे नेण्याचे हे मराठीतील महत्त्वाचे साधन ठरले. बालशाळा ज्या गावात नव्हती, तेथील वाचकांपर्यंतही हा विचार पत्रिकेमुळे पोहोचला.

१९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू झाली. बालमंदिराच्या जोडीने येथे अध्यापन मंदिरही चालविण्यात आले. मराठी माध्यमातून बालशिक्षिका तयार करणाऱ्या आरंभीच्या केंद्रांमध्ये त्याची गणना होते. शहरातील मध्यमवर्गीय सुशिक्षित स्त्रियांना घराबाहेरच्या प्रतिष्ठित कामाचा एक नवा मार्ग या प्रशिक्षणामुळे खुला झाला.

मारिया माँटेसरी स्वतः १९३९ च्या अखेरीस भारतात आल्या आणि मद्रासजवळील अड्यार येथे त्यांनी घेतलेल्या पहिल्या अभ्यासक्रमास देशभरातून सुमारे ३०० विद्यार्थी आले. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम लांबला. माँटेसरींच्या मते शिक्षक-प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्यांनी मान्य केलेल्या अभ्यासक्रमांपुरताच होता. नूतन बाल शिक्षण संघाने माँटेसरींचे तत्त्व स्वीकारले, तरी स्वतःचे प्रशिक्षण स्वतंत्रपणे चालू ठेवले. पद्धतीची शुद्धता जपावी की परिस्थितीप्रमाणे तिच्यात बदल करावा, हा मतभेद साधनांपुरता राहिला नाही. चांगली बालशिक्षिका कोणाला म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

छात्राध्यापिकांचा सराव आणि मूल्यमापन

बालमंदिरात प्राथमिक शाळेतील सरावपाठाचा साचा लागू पडत नाही. येथे फळ्यासमोर उभे राहून सर्व मुलांना एकच पाठ द्यावयाचा नसतो. एक मूल ठोकळ्यांचा मनोरा रचत असते, दुसरे पाणी ओतत असते, तिसरे खिडकीपाशी नुसतेच उभे असते. अशा वेळी शिक्षिका किती बोलली, हा तिच्या कामाचा निकष होऊ शकत नाही. अनेकदा तिने न बोलता थांबणे हेच योग्य असते. मागील बाकावर अर्धा तास बसून शेरे लिहिणाऱ्या निरीक्षकाला हे कौशल्य दिसणे कठीण असते.

त्यामुळे बालशिक्षिकेच्या प्रशिक्षणात निरीक्षणाला पहिले स्थान मिळाले. माँटेसरी परंपरेतील प्रशिक्षणाचे घटक साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात : तात्त्विक व्याख्याने, प्रत्येक साधन स्वतः हाताळून त्याचा सराव, साधनांचा हेतू व मांडणी सांगणाऱ्या सचित्र वह्या, मुलांचे दीर्घकाळ निरीक्षण आणि अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. शेवटी लेखी, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा होते. निरीक्षण करताना छात्राध्यापिकेने मुलाला हाक मारू नये, मदत करू नये, त्याच्याविषयी मत बनविण्याची घाई करू नये, अशी अपेक्षा असते. मूल आळशी आहे असे लिहिणे हे निरीक्षण नव्हे. ते कोणत्या साधनाजवळ गेले, किती वेळ थांबले आणि काय करून निघून गेले, हे लिहिणे म्हणजे निरीक्षण.

या प्रशिक्षणात मार्गदर्शक शिक्षिकेचे स्थानही बदलते. ती दिवसभर त्याच खोलीत काम करीत असल्यामुळे छात्राध्यापिकेची प्रगती तिला रोज दिसते. सुरुवातीला नवखी मुलगी रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी धावते. काही आठवड्यांनी ती मूल का रडते याचा अंदाज घेऊ लागते. हा बदल गुणपत्रिकेत मांडणे अवघड असले, तरी बालशिक्षिकेच्या तयारीचा तोच खरा पुरावा असतो. मात्र ज्या व्यक्तीने मदत करावयाची तिनेच परीक्षाही घ्यावयाची, यातून एक अडचण उभी राहते. परीक्षेची भीती असेल, तर छात्राध्यापिका आपल्या शंका मोकळेपणाने सांगत नाही. मुलांना धाक आणि बक्षीस यांपासून मुक्त ठेवू पाहणाऱ्या पद्धतीत शिक्षिका मात्र धाकातच घडावी, ही विसंगती टाळणे हे बालशिक्षणाच्या प्रशिक्षणापुढील कायमचे आव्हान राहिले आहे. ताराबाईंच्या संस्थांत प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी एकाच बालशाळेत एकत्र काम करीत, त्यामुळे हे अंतर कमी होण्यास मदत झाली.

बोर्डी येथील प्रयोग

मुंबईतील काम स्थिरावले असले, तरी बालशिक्षण शहरातील सुस्थितीतील कुटुंबांपुरतेच राहते आहे, याची जाणीव ताराबाईंना होत होती. माँटेसरीची शास्त्रशुद्ध साधने महाग होती आणि त्यांसाठी लागणारी प्रशस्त जागा खेड्यात मिळणे शक्य नव्हते. महात्मा गांधींच्या नयी तालीम विचारात १९४५ च्या सुमारास पूर्वबुनियादी शिक्षणाचाही समावेश झाला होता. त्याआधी १९४४ च्या सार्जंट अहवालाने देशात १० लाख बालकांसाठी शिशुशाळांची सोय करावी आणि त्यांत प्रशिक्षित शिक्षिका असाव्यात, अशी शिफारस केली होती. खेड्यात जाऊन काम करण्याच्या ताराबाईंच्या निर्णयाला ही पार्श्वभूमी होती.

डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी येथे शैक्षणिक कार्य करणारे आचार्य शं. रा. भिसे यांचे त्यांना साहाय्य झाले. त्याच वर्षी बोरिवली येथील शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) या त्यांच्यासोबत बोर्डीस आल्या. बालविधवा असलेल्या अनुताईंनी शिक्षण पूर्ण करून पुण्यात शिक्षिकेची नोकरी केली होती. बोर्डीत ताराबाईंच्या हाताखाली काम करता करताच त्या बालशिक्षणात पारंगत झाल्या. बरोबरीने काम करून शिकविण्याच्या ताराबाईंच्या रीतीचे अनुताई हे सर्वांत ठळक उदाहरण होय.

गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील व गरीब घरांतील मुले तेथे येईनात. पालक पहाटे कामावर जात, मोठ्या मुलांवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी असे आणि अस्पृश्यतेची रूढीही आड येत असे. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे न्यावी, असे ठरवून ताराबाई व त्यांच्या सहकारी वस्तीतच जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांना आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे आणि मग तेथेच गाणी, गोष्टी व खेळ घ्यावयाचे, असा क्रम सुरू झाला. अंगणात भरणारी म्हणून या बालवाडीस अंगणवाडी हे नाव मिळाले. गावातील मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवरील अंगणवाड्या अशी दुहेरी रचना त्यातून तयार झाली.

साधनांचा प्रश्नही स्थानिक पातळीवरच सोडविण्यात आला. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, बांबू अशा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंचा उपयोग आकार, रंग, संख्या, वजन आणि स्पर्श यांच्या ओळखीसाठी करण्यात आला. गावातील सुतार व कुंभार यांच्याकडून काही साधने तयार करून घेण्यात आली. साधनामागील तत्त्व कायम ठेवून त्याचे रूप बदलता येते, हे या प्रयोगाने दाखविले.

खेड्यातील प्रशिक्षणाचे बदललेले स्वरूप

बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी ग्राम बाल अध्यापन मंदिर चालविण्यात आले. दादरच्या छात्राध्यापिकेला तयार खोली, मांडलेली साधने आणि वेळेवर येणारी मुले मिळत. बोर्डीत येणाऱ्या मुलीला यांपैकी काहीच गृहीत धरता येत नसे. मुले गोळा करणे, आईशी बोलणे, वस्तीचा विश्वास मिळविणे, खरूज किंवा ताप ओळखणे, हाताशी असलेल्या वस्तूंतून साधन तयार करणे ही सर्व कामे तिच्या अध्यापनाचाच भाग होती.

अशा ठिकाणी चांगल्या शिक्षिकेचे मोजमाप बदलणे अपरिहार्य होते. वस्तीतील मुले दुसऱ्या दिवशी आपणहून अंगणात येऊन बसतात का, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठविले जाते की सामावून घेतले जाते, आया बालवाडीविषयी काय म्हणतात, यांतून तिच्या कामाची पारख होत असे. या निकषांसाठी उच्च शिक्षण अनिवार्य नव्हते. थोडे शिकलेल्या ग्रामीण स्त्रीलाही योग्य सरावाने उत्तम बालशिक्षिका होता येते, ही धारणा येथूनच दृढ झाली. पुढील काळात देशभर बालवाड्यांचा विस्तार झाला, त्याला या धारणेचा मोठा आधार होता.

कोसबाड, विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५७ मध्ये केंद्राचे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड येथील टेकडीवर नेण्यात आले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. डहाणू तालुक्यातील हा परिसर (२०१४ पासून पालघर जिल्हा) वारली आदिवासींचा आहे. सावकार व जमीनदारांच्या पिळवणुकीविरुद्ध याच भागात १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला होता. शाळा आणि सरकारी यंत्रणा यांविषयी आदिवासींच्या मनात विश्वास निर्माण होणे सोपे नव्हते.

कोसबाडमध्ये शाळेत न येणारी दोन प्रकारची मुले प्रामुख्याने आढळली. काहींना गुरे राखावी लागत आणि काहींना, विशेषतः मुलींना, घरच्या तान्ह्या मुलांकडे पाहावे लागे. पहिल्या गटासाठी कुरणशाळा सुरू झाली. गुरे जेथे चरतात, तेथेच शिक्षकाने जावयाचे आणि झाडाखाली शिकवावयाचे, अशी ही कल्पना होती. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. दुसऱ्या गटासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. त्यामुळे मोठी बहीण प्राथमिक वर्गात बसू शकली आणि धाकटी भावंडे शेजारीच सांभाळली गेली. या एकत्रित रचनेस विकासवाडी असे नाव देण्यात आले.

विकासवाडीमुळे प्रशिक्षणालाही वेगळी दिशा मिळाली. पूर्वप्राथमिक व प्राथमिक अशी भिंत तेथे नसल्यामुळे बालवाडीतील मूल पहिलीत गेल्यावर त्याचे काय होते, हे शिक्षिकेला पाहता येई. बालवाडीत मोकळेपणाने वावरणारे मूल पुढच्या वर्गात गेल्यावर गळून पडत असेल, तर दोष मुलाचा नसून दोन टप्प्यांमधील तुटलेपणाचा आहे, हा मुद्दा या प्रयोगाने पुढे आणला.

सार्वजनिक कार्य आणि धोरणांशी संबंध

ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. स्वातंत्र्यानंतर बालकल्याणाच्या क्षेत्रात शासन व स्वयंसेवी संस्थांचे काम वाढू लागले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या साहाय्याने अनेक ठिकाणी बालवाड्या निघाल्या आणि बालसेविका हे पद रूढ झाले.

१९६४–६६ च्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. बालशाळा मुख्यतः खासगी व स्वयंसेवी संस्थांनी चालवाव्यात आणि शासनाने प्रशिक्षण, संशोधन व मार्गदर्शनाची केंद्रे उभारावीत, अशी त्याची भूमिका होती. बालशिक्षण कमी खर्चात देण्याच्या प्रयोगांना उत्तेजन द्यावे, असेही त्याने सुचविले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्याचे. गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या रूपाने त्यांनी ग्रामीण शिक्षणाचा मोठा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच केला होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. ताराबाईंच्या निधनाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. या योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले आणि बोर्डीच्या वस्तीत वापरला गेलेला शब्द देशभर पोहोचला.

लेखन

शिक्षण पत्रिकेतील संपादकीय लेखनाखेरीज ताराबाईंनी पालक, शिक्षक आणि मुले यांच्यासाठी पुस्तके लिहिली. बालविकास व शिस्त, बालकांचा हट्ट, बिचारी बालके, नदीची गोष्ट ही त्यांपैकी काही होत. त्यांचे शैक्षणिक लेखन सोपे आणि उदाहरणांवर भर देणारे आहे. मुलाच्या वागण्यामागील कारण शोधल्याशिवाय त्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न करू नये, हे सूत्र त्यात वारंवार आढळते. पद्मजा फाटक यांनी ताराबाईंचे चरित्र लिहिले आहे.

मूल्यमापन

ताराबाईंच्या कार्यावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जाऊ शकतात. माँटेसरी पद्धतीच्या काटेकोर पुरस्कर्त्यांच्या दृष्टीने, स्थानिक वस्तूंपासून केलेल्या साधनांत मूळ साधनांची अचूकता राहत नाही. मूळ साधनात मुलाला स्वतःची चूक स्वतःला कळते. खडे आणि शिंपल्यांच्या बाबतीत ती जबाबदारी शिक्षिकेच्या कल्पकतेवर पडते. त्यामुळे शिक्षिकेचे प्रशिक्षण कच्चे असेल, तर साधन निव्वळ खेळणे बनते.

दुसरा आक्षेप विस्ताराशी निगडित आहे. थोडे शिकलेली स्थानिक स्त्री चांगली शिक्षिका होऊ शकते, हा बोर्डीचा निष्कर्ष दीर्घ सहवासातून व सततच्या मार्गदर्शनातून आला होता. शासकीय योजनांनी स्थानिक सेविकेची कल्पना स्वीकारली. अंगणवाडी सेविकेवर पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणीस साहाय्य आणि नोंदवह्या यांची कामे आली आणि पूर्वप्राथमिक शिक्षण हे तिच्या अनेक कामांपैकी एक राहिले. तिला वेतनाऐवजी मानधन मिळते. कमी खर्च हा बोर्डीत गरीब मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग होता. मोठ्या योजनेत शिक्षिकेच्या घडणीवरच कमी खर्च होण्याचा धोका त्यातून निर्माण झाला.

सन्मान, निधन आणि वारसा

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कोसबाडचे कार्य अनुताई वाघ यांनी अखेरपर्यंत चालविले. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकातून या प्रयोगाची ओळख मराठी वाचकांना झाली.

मुलाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या प्रयोगशील शाळांची परंपरा महाराष्ट्रात पुढेही चालू राहिली. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रातून आलेल्या लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हे तिचे एक उदाहरण होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट पायाभूत टप्पा म्हणून एकत्र आणला. बालवाडी आणि प्राथमिक शाळेचे आरंभीचे वर्ग जोडण्याची ही कल्पना कोसबाडच्या विकासवाडीत त्याच्या सहा दशके आधी प्रत्यक्षात उतरली होती. या टप्प्यासाठी मोठ्या संख्येने शिक्षिका तयार कराव्या लागणार असल्यामुळे, त्यांनी मुलांसोबत किती काळ घालवावा, त्यांना मार्गदर्शन कोणी करावे आणि त्यांची पारख कोणत्या निकषांवर व्हावी, हे ताराबाईंच्या अध्यापन मंदिरांपुढील प्रश्न आजही चर्चेत आहेत.